गोठ्याच्या दारामागच्या रेघा

काशीकाकीचा भरवसा कुणावर नव्हता आणि तिने ही गोष्ट कधी लपवलीही नाही. दूध आलं की बोट बुडवून नखावर थेंब धरणार. कोंबडीखालची अंडी सकाळ-संध्याकाळ मोजणार. उल्हासनगरला पोलक्याचं कापड घ्यायला गेली की दुकानदाराने मीटरने मोजलेलं कापड पुन्हा स्वतःच्या कोपरापासून बोटापर्यंत मोजणार. तो सिंधी दुकानदार हात जोडून म्हणायचा, "माई, थोडा भरोसा तो रखो." काकी म्हणायची, "भरोसा घर पे रखके आयी, तुम कपडा नापो."

घरीही तिने तो ठेवला नव्हता, हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं.

मी अंबरनाथची. वडील कारखान्यात होते, आई मी नववीत असताना गेली. अठ्ठ्याऐंशीच्या वैशाखात सदूशी लग्न होऊन बदलापूरला बेलवलीत आले. घरात सासरे बाळाजी, सासूबाई बनूबाई, आणि सासऱ्यांचे धाकटे भाऊ बुधाजीकाका आणि त्यांची बायको काशीकाकी. चूल एकच. सासरे शेती बघायचे, काका अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात पाळी करायचे. काशीकाकीला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल कुणी बोलत नसे, आणि बोलत नसत म्हणूनच ते घरात सगळीकडे असे.

सासूबाईंनी पहिल्याच रविवारी मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं. आई गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी असा हात ठेवला नव्हता. मी रडले. त्या म्हणाल्या, "डोळ्यांत तेल गेलं का गो?" त्या दिवसापासून ती बाई माझी झाली. पुढचं सगळं सांगताना हे ध्यानात ठेवा, कारण मी जो मूर्खपणा केला तो त्यापायी केला.

माहेरी आमच्या चाळीतल्या दीड खोलीत पाळी आली की देवाला हात लावायचा नाही, एवढंच होतं. बेलवलीच्या घरात मात्र पुरतं बाजूला बसावं लागे. चार दिवस पडवीत, वेगळी गोधडी, वेगळी ताटली. चुलीला, पाण्याला, देव्हाऱ्यातल्या दिव्याला शिवायचं नाही. त्या दिवसांत सगळं काम दुसरीच्या गळ्यात पडे. दोन जावांचं घर असलं की मग कोण किती दिवस बसली, हा प्रश्न येणारच.

त्या वर्षी सासूबाई शेहेचाळीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचं बसणं बिघडलं. भाताच्या आवणीच्या एका महिन्यात त्या दोनदा बसल्या. पुढे श्रावणात एकदाही नाही, आणि गौरी जेवायच्या आदल्या दिवशी पुन्हा बसल्या त्या आठ दिवस. काशीकाकीने पुरणाचा सगळा घाणा एकटीने काढला. मग विहिरीवर, चार बायकांच्या देखत, ती मोठ्याने बोलली. "आमच्या वयनीला कामाच्या दिसांनाच बरा कावला शिवतो. आठ-आठ रोज! कावला तिथं घरटं बांधून रायलाय वाटतं."

बायका हसल्या. मी कळशी घेऊन उभी होते. सासूबाईंनी मागून सगळं ऐकलं. उभ्या आयुष्यात कुणी त्यांना कामचुकार म्हटलं नव्हतं. तापातही भात लावणारी बाई ती. त्या दिवसानंतर त्या पडवीत बसायला गेल्या नाहीत.

दसरा गेला, दिवाळी आली. त्या चुलीपुढेच. मला वाटलं, संपलं असेल त्यांचं, या वयात संपतंच. पण काशीकाकीचा तर्क दुसरीकडे धावला. एके दुपारी तिने मला गोठ्याकडे ओढून विचारलं, "तुजी सासू आंबट खाते का गो?"

"का?"

"दोन महिने बसली नाय. पोट बघितलंस? खाली कसं घट्ट दिसतंय ते? सून घरात आली नि सासूला..." आणि तिने पदर तोंडावर धरला.

मला तिचा राग आला. पण संशय फार चिकट असतो. मीही सासूबाईंच्या पोटाकडे बघायला लागले. ते खरंच ओटीपोटाशी थोडं फुगल्यासारखं दिसे. कधी कधी त्या भात निवडता निवडता थांबत, कमरेखाली मूठ दाबून धरत आणि मी बघतेय असं दिसलं की मूठ सोडून देत. चेहरा मात्र पिवळा पडत चालला होता. जिभेवर, नखांवर रंग नाही. दिवस गेलेली बाई अशी दिसत नाही, एवढं मलाही समजत होतं.

दिवाळीच्या सुमारास काशीकाकीने एकदम उपास धरले. सोमवार, गुरुवार ठीक. पण ती वसुबारसेलाही जेवली नाही, पाडव्यालाही नाही. नुसते शेंगदाणे, केळी, आणि स्वतः तांब्यात भरून ठेवलेलं पाणी. सासूबाईंच्या हातची भाकरी पुढे आली की ताट सरकवायची. "माजा उपास हाय." मग आठवडाभर नीट जेवायची, आणि पुन्हा उपास. बुधाजीकाका म्हणाले, "बायकोला भक्ती लागली." मला ती भक्ती पटेना. जिने देवळातला प्रसादही वास घेऊन खाल्ला, तिला कसली भक्ती?

मग मार्गशीर्षात एक दिवस मी पेंड आणायला गोठ्यात गेले आणि वाऱ्याने दार लागलं. ते दार एरवी भिंतीला टेकून उघडंच असे, त्याची मागची बाजू मी कधी पाहिली नव्हती. तिथे वरपासून खालपर्यंत कोळशाच्या रेघा होत्या. शेकडो. तीन रांगा. डावीकडची रांग जुनी, पुसट. मधली भरगच्च, आणि तिच्यातल्या नव्या रेघांवर काळे ठिपके. उजवीकडची रांग अगदी छोटी, चार चार रेघांचे सहा-सातच झुबके.

 कोळसा, ठिपके, उपास, दिवसेंदिवस पांढरी पडत चाललेली सासू. चाळीत ऐकलेल्या सगळ्या गोष्टी डोक्यात गोळा झाल्या. काकीला मूल नाही, सासूबाईंचा मुलगा कर्तासवरता, आता सून आली. काकी करणी करतेय! दहावी पास झालेली मी, पण त्या क्षणी मला दुसरं काही सुचलंच नाही. हौदात फडक्याचा बोळा भिजवला आणि मधली रांग हाताला येईल तेवढी पुसून काढली. ठिपकेवाल्या रेघा तर घासून घासून काढल्या. सासूबाई वाचाव्यात, एवढंच मनात होतं.

मी सदूला सांगितलं. तो म्हणाला, "येडी झालीस काय?" पण तोही दोन दिवस काकीच्या हातचा चहा घेताना कपात बघत होता.

दत्तजयंतीच्या सकाळी सासूबाई चुलीपुढून उठल्या आणि तिथेच कोसळल्या. उचलताना त्यांचं लुगडं मागून ओलं लागलं. माझा हात लाल झाला. मी किंचाळले. सगळ्यांत आधी धावली ती काशीकाकी. तिने मला बाजूला ढकललं, सासूबाईंच्या कमरेला गोधडी गुंडाळली आणि सासऱ्यांना ओरडून म्हणाली, "बघत काय रायलाव? विटांचा टेम्पो उभा हाय तो थांबवा!"

टेम्पोत मी, सासूबाई आणि ती. तिला नेऊ नका, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण ती सासूबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती. मी सगळ्या वाटेत तिच्या हातांवर नजर ठेवली.

उल्हासनगरला डॉक्टर मालिनीबाईंचा दवाखाना होता. चाळिशीची बाई, चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी सलाईन लावलं, डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं, "बाई, पाळी कशी येते?"

"येते की. महिन्याच्या महिन्याला," सासूबाई म्हणाल्या.

"किती दिवस?"

"चार."

"जास्त जातं? गाठी पडतात? मधेच डाग? ओटीपोटात दुखतं?"

"नाय. आपलं चांगलंच हाय. जरा अशक्तपणा."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या हाताला अजून त्या रक्ताचा वास होता. खोटं का बोलतात, मला कळेना. डॉक्टरबाई पेन टेकवून बसल्या. म्हणाल्या, "चारच दिवस जात असेल तर एवढं रक्त कमी झालं कुठे? नीट सांगितलंत तर मला कळेल. नाहीतर लोहाच्या गोळ्या लिहून देते आणि घरी पाठवते, मग पुढच्या वेळी कदाचित याल, कदाचित येणारही नाही."

"खोटं बोलते ती," काशीकाकी बाकावरून म्हणाली.

सासूबाईंनी डोळे मिटले. काकी उभी राहिली आणि बोटांची पेरं मोजत सांगायला लागली. "दसऱ्याला सुरू झालं ते कोजागिरीपातूर, सा रोज, ते मना मागून उमगलं. मंग कोरडी. वसुबारसेला परत, ते पंचमीपातूर, नऊ रोज. सात रोज गेलं नाय तर तुलशीच्या लग्नाला परत, ते पुनव होऊन वर पाच रोज, म्हंजी परत नऊ. चंपाषष्ठीला चालू झालं ते आज पुनव, अजून थांबलं नाय. आनि सुरू व्हायच्या आदले दोन रोज पोटात कला येतात. तेव्हा मूठ दाबून बसते. धुतल्यावर फडक्याला कलेजीसारक्या गाठी. पेंढ्याच्या उडवीमागं वालत घालते, मी बघितलंय."

डॉक्टरबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर घेतलं आणि तिथी बघून बघून तारखा लिहिल्या. पान भरलं. मग त्यांनी मान वर केली. "तुम्हाला हे इतकं कसं ठाऊक?"

"मना हिचा भरवसा नाय म्हनून," काकी म्हणाली. "ही जास्तीचे दिस बसते असं वाटायचं. म्हनून इस वर्सं रेघा मारतेय, गोठ्याच्या दारामागं. दुखंल त्या दिसाला ठिपका. आता कुनीतरी पुसल्यात," आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीकडे बघायला लागले, "पन माज्या डोक्यात हायेत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी तपासाचा पुरावाच धुऊन टाकला होता, आणि जिला चेटकीण समजले तिने तो तोंडपाठ ठेवला होता.

सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तू जानत होतीस? दिवालीपासून?"

"जानत होती. विटाळात रांधलेलं पोटात जाईना, म्हनून उपास."

"मंग सांगितलं का नाय घरात?"

काकीने सलाईनच्या बाटलीकडे बघितलं. मग म्हणाली, "विहिरीवर मीच बोलली होती ना. परत कुठल्या तोंडानं बोलू?"

डॉक्टरबाईंनी तपासलं. पिशवीत गाठ हाताला लागत होती. रक्त सहावर आलं होतं. त्यांनी आम्हा तिघींना समोर बसवून सांगितलं. पाळी कायमची जायच्या आधी काही वर्षं तिचा ताल सुटतो. बीज दर महिन्याला तयार होत नाही, मग पिशवीचं आतलं अस्तर जाड होत राहतं आणि सुटायला लागलं की थांबत नाही. दोन महिने येत नाही, मग पंधरा दिवसांत येते. थोडं मागेपुढे झालं तर घाबरू नये. "पण सात-आठ दिवसांच्या वर गेलं, गाठी पडल्या, तीन आठवड्यांच्या आत परत आलं, मधेच डाग लागले, ओटीपोट दुखत राहिलं, तर 'वय झालं' म्हणून घरी बसायचं नाही. यायचं."

"गाठ म्हंजी कॅन्सर का ओ?" काकीने विचारलं.

"बहुतेक नाही. साध्या गाठी खूप जणींना असतात. पण तपासून बघितल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही."

काकीने पहिल्यांदाच त्या बाईकडे नीट बघितलं. आपल्या जातीचं माणूस भेटलं, असं तिला वाटलं असावं. तरीही रक्ताच्या दोन बाटल्या आल्या तेव्हा तिने विचारलंच, "रगत कुनाचं हाय? तपासलेलं हाय का नाय?" डॉक्टरबाईंनी तिला चिठ्ठी वाचून दाखवली. मग ती मला म्हणाली, "तू वाच. बरोबर सांगते का बघ."

पिशवी साफ करून आतला तुकडा मुंबईला तपासायला पाठवला. कल्याणला सोनोग्राफी झाली. रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. गाठ साधी निघाली. सासूबाईंना वेगळीच धास्ती होती, की डॉक्टर लोक ऊठसूट बाईची पिशवीच काढतात. वस्तीतल्या तीन बायकांची काढली होती. पण मालिनीबाई म्हणाल्या, "गोळ्यांनी थांबतंय तर कशाला काढू? पाळी गेली की गाठही आकसते. मात्र एक लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा एक थेंब जरी दिसला, तर ती पाळी नव्हे. त्याच दिवशी या."

त्या वाक्याला आम्ही तिघींनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर मी काकीचे पाय धरले आणि रेघांचं सांगितलं. तिने मला उठवलं नाही. म्हणाली, "तुज्या नावाची पन रांग हाय तितं, उजवीकडची. ती का नाय पुसलीस?" आणि मग बेफिकिरीने, "या महिन्यात तुजी एक पन रेघ नाय. वयनीला सांगितलंस का?" मला दिवस गेलेत हे मला कळायच्या आधी तिला कळलं होतं.

"आणि डावीकडची रांग कुणाची?" मी विचारलं.

"माजी," ती म्हणाली. "पयली. लग्न झाल्यावर आस होती ना, म्हनून सुरू केली. चुकली नाय कदी."

ती म्हशीला पाणी दाखवायला निघून गेली. मी दारामागे उभी राहिले. एकही महिना सुटलेला नव्हता. मी तिथे तिच्यासाठी रडले, आणि ती बघत नाही याची खात्री करून घेतली.

त्यानंतर घरातलं बाजूला बसणं हळूहळू सुटलं. सासूबाईच म्हणाल्या, इतके दिवस विटाळात रांधून देवाने काही केलं नाही, आता काय करणार. काकी मात्र स्वतःपुरती एक गोष्ट धरून राहिली. ते चार दिवस ती दिव्याला शिवत नसे. सासूबाईंची पाळी एक्याण्णवमध्ये गेली, काकीची त्र्याण्णवमध्ये. पुढे शेत बिल्डरला गेलं, आम्हाला तिसऱ्या मजल्यावरचे दोन ब्लॉक मिळाले, गोठा आणि त्याचं दार तोडलं गेलं. संध्याकाळचा दिवा रोज काकीच लावायची.

शहाण्णवच्या श्रावणात एका संध्याकाळी तिने माझ्या मुलीला हाक मारली. "आज तू लाव गो दिवा. माजा गुडघा दुकतोय." पुढचे दोन दिवसही तेच. मग आठवडाभर तिने लावला. मग पुन्हा गुडघा. मी तेल गरम करून दिलं. माझ्या मनात दुसरं काही आलं नाही, खरंच सांगते. काकीकडे बघायची आम्हाला सवयच नव्हती. ती आमच्याकडे बघायची.

एका सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव. काशीला उल्हासनगरला न्यायची हाय."

काकी भांडली. वाटेत भांडली, दवाखान्याच्या पायरीवर भांडली. डॉक्टरबाईंचे केस आता पांढरे झाले होते. काकी त्यांना म्हणाली, "गुडघा हाय, दुसरं काय नाय."

सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "खोटं बोलते ती. गुडघा दुकतो म्हनते नि तीन मजले चार येला चढते. तीन रोज दिवा नाय लावला. मंग आठ रोज लावला. मंग परत चार रोज नाय. मानसाला फसवील, दिव्याला नाय फसवनार ती."

"काशीबाई?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "थोडंच लागतं," ती शेवटी म्हणाली. "डागच."

"मी काय सांगितलं होतं? इथेच बसून ऐकलं होतंत तुम्ही."

"वयनीसाठी ऐकलं होतं," काकी म्हणाली. "माजी पिशवी कुनाच्या काय कामाला आली? आता म्हातारपनी तिच्यापायी सगल्यांना कशाला धावडवू?"

सासूबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. "मूर्ख हायस," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

या वेळी रिपोर्ट साधा नव्हता. पण सुरुवातच होती. मुंबईला मोठ्या इस्पितळात पिशवी काढली. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून सहा महिने गेले असते तर आम्हाला काही सांगता आलं नसतं. घरी येईपर्यंत काकीने प्रत्येक गोळीचं नाव मला दोनदा वाचायला लावलं.

आल्या दिवशी ती भिंतीला धरून सगळं घर बघत फिरली. डबे उघडले, साखर बोटाने चाळवली. मग स्वयंपाकघराचं दार लोटून तिने मागे बघितलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा बघितलं. ऑइलपेंटवर माझ्या मुलीच्या शाळेच्या पेन्सिलीने मारलेल्या रेघा होत्या. आधी तीन, थोडी जागा सोडून चार.

काकीने त्या एकेक करून मोजल्या. मग बोट ठेवून म्हणाली, "ही शेवटची जास्तीची हाय. चवथ्या रोजी तर खरंच गुडघा दुकत होता."

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मना काय ठावं?" त्या म्हणाल्या. "मी तर दिवाच बघत होती. बस आता, गरम हाय तवर खा."

काकी खाली बसली. तिने भाकरीचा तुकडा मोडला, आणि वास न घेता तोंडात घातला.